पाण्यात बुडवून दाखवलेला कॅमेरा

तंजावुरातल्या आमच्या मराठी घरात बाजारहाटाची एक जुनी शिस्त आहे. दुकानदाराशी तमिळमध्ये बोलायचं आणि दुकानदाराबद्दल मराठीत. माझी आई यात पटाईत होती. साडीच्या दुकानात बसून ती तमिळमध्ये इतकं गोड बोलायची की दुकानदार आणखी दहा साड्या उलगडायचा. मग तेच हसू तोंडावर ठेवून ती माझ्याकडे वळायची आणि मराठीत सांगायची की ह्याची जरतार खोटी आहे, उठायची तयारी कर. दुकानदाराला वाटे, आई लेकीला रंग पसंत आहे का विचारतेय. मी ही विद्या लहानपणीच उचलली. लग्न झाल्यावर नवराही त्याच तालमीतला निघाला, तेव्हा आमचं छान जमलं. तंजावुरात मराठी समजणारी घरं कोणती, ती आम्हांला तोंडपाठ होती. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या, पश्चिमेकडच्या दोन वीथी, बँकेतले एक मामा, कोर्टातले एक मामा. त्यातलं कुणी दुकानात दिसलं नाही की आमच्या जिभा मोकळ्या.

आता हे मी लिहितेय ती देवनागरी अक्षरंसुद्धा मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि शिकल्यावर मला बोलीचं भारी प्रेम उफाळून आलं. गणिताची मास्तरीण म्हणून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी चार-पाच मुलं गोळा करून मी त्यांना मराठी शिकवते. मुलांना समजतं सगळं, बोलताना मात्र तमिळ नाहीतर इंग्रजी. आई गेली, थोरली जाऊ गेली, लेक चेन्नईला. मुंजीत, लग्नात, जिथे दहा डोकी दिसतील तिथे मी एकच रडगाणं गाते की आपल्या बोलीत बोलायला माणूस उरलं नाही. लोक ऐकून घेतात. काही जण मला बघून पंगत बदलतात, असं नवरा म्हणतो.

नवरा पाटबंधारे खात्यात होता. उभी हयात कावेरीचे कालवे आणि त्यांच्या दारांची कुलपं सांभाळण्यात गेली, पण समुद्रावर कधी पाऊल टाकलं नाही. तो निवृत्त झाला तेव्हा लेकीनं आम्हां दोघांना पाँडिचेरीहून शिडाच्या होडीतून चार दिवसांची सफर भेट दिली. मी आधी नको म्हटलं, नंतर तीन जणींना फोन करून सांगितलं. लेकीनं सामानाची यादी पाठवली होती. तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की होडीच्या डेकवर फोन घेऊन जायचे नाहीत, ओल्या हातातून ते निसटतात आणि समुद्र परत देत नाही. फोटो हवे असतील तर पाण्यात चालणारा छोटा, स्वस्तातला कॅमेरा घ्या. तिरुवैयारुच्या घाटावर नवऱ्याचा एक फोन आधीच कावेरीला अर्पण झालेला होता, त्यामुळे यावर वाद झाला नाही.

मग सुरू झालं कॅमेऱ्याचं संशोधन. नवऱ्यानं शाळेची वही घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि तीन आठवडे फोनवर लोकांची मतं वाचली. एक म्हणे झूम मोठा हवा, दुसरा म्हणे झूमचं काही खरं नाही. कुणाचा पंधरा मीटर खोल चालतो, कुणाचा दहा. मी विचारलं, आपण होडीवरून जाणार आहोत की होडीखालून? त्यानं उत्तर दिलं नाही, नवा रकाना आखला. शेवटी त्याचं म्हणणं पडलं की वस्तू हातात घेतल्याशिवाय काही समजत नाही. मोठ्या चकाचक दुकानात गेलो तर तिथल्या पोरीनं असे कॅमेरे आता कोणी घेत नाही म्हणून आम्हांला फोन दाखवले. तेव्हा ती युक्ती मला सुचली, नवऱ्याला नाही. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तो बिचारा माझ्याबरोबर भरडला गेला. मी म्हटलं, जुन्या एखाद्या फोटोच्या दुकानात जाऊ, सगळे कॅमेरे हाताळून बघू, हवं ते विचारून घेऊ आणि घरी येऊन फोनवरून स्वस्तात मागवू.

जुन्या बसस्टँडमागच्या गल्लीत तसं एक दुकान होतं. पुढे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, काउंटरमागे निळा पडदा, पडद्याआड राहायची जागा असावी. मालक सत्तरीपलीकडचे, शर्टाला इस्त्री, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. काचेच्या कपाटात प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले तीन छोटे कॅमेरे होते. आम्ही तमिळमध्ये सांगितलं, होडीवर जायचंय, फार खर्च करायचा नाही. त्यांनी कपाट उघडायच्या आधी आम्हांलाच प्रश्न विचारले. चष्मा कोणाला आहे? फोटो कोण काढणार? होडी इंजिनाची की शिडाची? शिडाची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग होडी कलणार, म्हणाले, एक हात दोराला राहील आणि फोटो एकाच हातानं काढावा लागेल.

असं कोणी विचारलं की मला खरं तर बरं वाटतं. वर्गात नीट प्रश्न विचारणारी मुलगी मला नेहमी आवडली. पण त्या दिवशी मी गिऱ्हाईक होते, आणि गिऱ्हाईक झाले की माझ्या अंगात आई येते. मी हसत हसत नवऱ्याला मराठीत म्हटलं, “काय विचारायचं ते सगळं विचारून घ्या. कॅमेऱ्यांचे नंबर मी काचेंतूनच लिहून घेतल्यें. मागवायचा घरी जाऊन.”

त्यांनी एकेक कॅमेरा बाहेर काढला. मोठ्या झूमचा त्यांनी स्वतःच बाजूला सारला. हलत्या होडीत लांबचं जवळ आणलं तर सगळं पुसट येतं, उगाच जास्त पैसे घालू नका, म्हणाले. दुसऱ्याची बटणं बारीक होती. त्यांनी पेल्यातल्या पाण्यात माझी बोटं बुडवायला लावली आणि बटण दाबून बघा म्हणाले. मला दाबता आलं नाही. तिसरा नारिंगी होता. काळा बुडाला तर दिसत नाही, नारिंगी दिसतो, असं सांगून त्यांनी पडद्याकडे वळून कुणाला तरी काही न बोलता हात केला. आतून एक पितळी बादली पाण्यासकट बाहेर सरकली. त्यांनी कॅमेरा सरळ त्या पाण्यात बुडवला आणि पाण्याखालून आमच्या दोघांचा फोटो काढला. त्या फोटोत नवऱ्याचं तोंड उघडं आलं होतं.

कॅमेरा काढून पुसताना त्यांचा हात कापत होता. म्हातारपणाचा कंप, दुसरं काही नाही. आणि मी बोलले. काय बोलले ते इथे तसंच्या तसं लिहिते, कारण ते मऊ करून लिहिलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, “हात बघितलांत काय? ह्यानं लग्नाचे फोटो काढलं तर एकेक नवरी दोन-दोन दिसत असेल.” नवरा हसला नाही. त्यानं डोळ्यानं मला गप्प बस म्हणून खुणावलं. पण जिभेला हाड नसतं. त्यांनी आमच्यासाठी कॉफी सांगितली तेव्हा मी दुसरं वाक्य टाकलं, “कॉफीस हात लावूं नका. प्यालांत की घ्यावंच लागेल. ह्याचं काय, दिवसभर माश्या मारत बसलाहे.”

कॅमेरा पुसणारं त्यांचं फडकं क्षणभर थांबलं. मला ते दिसलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. कॉफी आली, पडद्याच्या फटीतून एका हातानं तबक पुढे केलं. मालक तमिळमध्ये म्हणाले, कॉफी प्या हो, कॉफी प्यायलं म्हणून काही घ्यावं लागत नाही. मला वाटलं, केवढा मुरलेला व्यापारी, गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखतो. आम्ही कॉफी प्यायलो. ती चांगली होती. पुढचा अर्धा तास त्यांनी समुद्रानंतर कॅमेरा गोड्या पाण्यात कसा धुवायचा, बॅटरीचं झाकण ओल्या हातानं का उघडायचं नाही, त्या झाकणाच्या रबरावर मिठाचा एक कण राहिला तर काय होतं, हे सगळं समजावून सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. मग विचार करून सांगतो, असं म्हणून आम्ही निघालो आणि त्याच संध्याकाळी तोच नारिंगी कॅमेरा फोनवरून मागवला.

कॅमेरा आला. निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं की त्याच्या पट्टीला तरंगणारा फोम नाही. तशी तरंगणारी पट्टी तंजावुरात एकाच ठिकाणी मिळणार हे दोघांनाही ठाऊक होतं. नवरा म्हणाला, मी येत नाही, मनाची नाही तर जनाची तरी. मी एकटी गेले. तोंडावर ठेवायला एक थाप तयार केली होती की कॅमेरा लेकीनं भेट पाठवलाय.

दुकानाच्या पायरीवर चपला काढत होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. पडद्याकडे तोंड करून ते कुणाला तरी सांगत होते, “ते कात्र आण गे. आणि जेवण जालं काय तुझं? मज भूक नाही, तूं जेव.”

मी पायरीवर एक चप्पल घातलेली, एक काढलेली अशी उभी राहिले. बोली आमचीच होती. थोडी वेगळी, आमच्या गल्लीतले लोक जिला जरा खालची समजतात तशी, पण आमचीच. मराठा राजांबरोबर इथे काय फक्त कारकून आणि पंडित आले होते? शिंपी आले, शिपाई आले, घोड्यांना नाल ठोकणारे आले, आणि त्यांची मुलंबाळं इथेच राहिली. हे मी रविवारी मुलांना शिकवते. पण घरं मोजताना मी माझ्यासारखीच घरं मोजत आले होते. कात्र, भूक, जेवण, एवढे साधे शब्द, आणि त्या दिवशीचा माझा शब्द न् शब्द त्यांना याच भाषेत पोचला होता.

त्यांनी मला पाहिलं. आणि त्यांनी काय केलं, तर लगेच तमिळमध्ये बोलायला लागले. या अम्मा, बसा, म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, घाईही नव्हती. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःची भाषा माझ्यासमोर झाकून ठेवली, हे मला कळत होतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी लेकीच्या भेटीची थाप मारली. तीही तमिळमध्ये. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, मागचा नंबर पाहिला, खोका पाहिला आणि एवढंच म्हणाले की चांगला निवडलाय. मग न सांगता झाकण उघडून रबर तपासलं, त्यावर कसलंसं तेल बोटानं लावलं आणि पट्टी बसवून दिली. पट्टीची किंमत घेतली, तेलाची आणि वेळेची नाही. मी बाहेर आले तेव्हा कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

सफर सुंदर झाली, असं सगळ्यांना सांगितलं आहे. पहिल्या दिवशी मला उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी वारा असा भरला की शीड ताठ झालं आणि होडी एका कुशीवर कलून धावायला लागली. नवऱ्याचा एक हात दोराला आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. अगदी त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसं. तेवढ्यात कॅमेरा निसटला. पट्टीच्या जोरावर नारिंगी ठिपका लाटेवर तरंगत राहिला आणि होडीवाल्यानं वळसा घेऊन जाळीनं उचलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्याकडे बघून हसला आणि लगेच गंभीर झाला, कारण मी रडत होते. पायरीवर काय ऐकलं ते मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. त्या रात्री जेवताना सांगितलं. त्यानं ताटातला भात बाजूला सारला. मग म्हणाला की मला संशय आला होता, त्यांचं फडकं थांबलं तेव्हाच. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, मी खूण केली होती. ते खरंच होतं.

परतल्यावर आठ दिवस मी बहाणे शोधले. पहिल्या रविवारी वर्गात मुलांना म्हटलं, आपल्या बोलीतलं माणूस भेटलं की आनंद होतो ना, आणि वही मिटून टाकली. मुलांना लवकर सोडलं. शेवटी फोटो छापायच्या निमित्तानं गेले. वाटेत एकच विचार करत होते की माफी कोणत्या भाषेत मागायची. मराठीत मागितली तर दुकानातल्या बाकीच्यांना कळणार नाही, माझी अब्रू राहील. म्हणजे पुन्हा तीच आडोशाची सोय. ज्या आडोशाला उभं राहून दगड मारला, तिथूनच हात जोडायचे, हे काही खरं नव्हतं.

दुकानात पासपोर्ट फोटोसाठी दोन बायका बसल्या होत्या आणि एक कॉलेजचा मास्तर झेरॉक्स काढून घेत होता. मी कॅमेऱ्याचं कार्ड दिलं, फोटो छापून निघेपर्यंत काउंटरसमोर उभी राहिले आणि मग तमिळमध्ये बोलले. सगळं. नंबर लिहून घेतला ते, फोनवरून मागवला ते, लेकीची थाप, हाताबद्दल बोलले ते, माश्या मारण्याबद्दल बोलले ते. तमिळमध्ये ती वाक्यं किती घाणेरडी वाटत होती ते माझं मलाच ऐकू येत होतं. तमिळमध्ये मी आजवर कुणाला असं बोललेलीच नाही. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, मास्तरानं कागद हातात तसेच धरले. मी म्हटलं, माझं चुकलं, मला क्षमा करा.

मालकांनी माझे फोटो पाकिटात घातले. पाकीट बंद करायला वेळ लागला, हातामुळे. मग ते पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले. “मज काय ते? गिऱ्हाईक बोलतं, मी सोडून दिलों. आंत बाइल अहे. ती ऐकत होती. तिज सांगा.”

त्यांनी पडदा बाजूला केला.

आत लहानशी खोली होती. खिडकीजवळ पाटावर त्यांच्याच वयाच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर पुठ्ठा, हातात कात्री. कुणाचे तरी पासपोर्ट फोटो त्या एकेक करून कापत होत्या. म्हणजे मालकांचा हात कापायला लागल्यापासून हे काम त्या करतात. मी खाली बसले. बाहेरचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार, तरी मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, या वेळी आमच्या बोलीत. त्यांनी मान हलवून मला थांबवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

त्या म्हणाल्या, “त्या दिवशीं बाहेर आपली बोली ऐकल्यें मी. कितीं वर्षांनीं दुकानांत ऐकल्यें. आमचं कोण तरी आलं म्हणून उठल्यें, पदर नीट केल्यें, पडद्यापर्यंत आल्यें. मग तुम्ही काय बोलूंलाल्यांत तें कळलं, आणि परत येऊन बसल्यें.”